दमा असताना शरीरसंबंध: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दमा असलेल्या जोडप्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ऐन वेळी धाप लागली तर काय करायचं? प्रश्न योग्य आहे, पण तो उशिरा विचारला जातो. धाप लागल्यावर उशाखाली पंप चाचपडणं ही खरं तर शेवटची पायरी, आणि लोक तिथूनच सुरुवात करतात. त्याआधी रोजचा पंप महिनोन्महिने बंद असतो, खोलीत उदबत्ती जळत असते, पोटभर जेवण नुकतंच झालेलं असतं आणि दमा नेमका किती आहे हे जोडीदाराला माहीतही नसतं. मग एकदा जोराचा त्रास होतो आणि दोघं मनाशी ठरवून टाकतात की हे आता आपल्यासाठी नाही. कुणाशी न बोलता अंथरुणं लांब होतात. बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत याची काहीही गरज नसते, म्हणून हे सगळं क्रमाने लिहीत आहे.

दमा आटोक्यात असेल तर शरीरसंबंध वर्ज्य नाहीत. त्यात होणारे श्रम सर्वसाधारणपणे दोन मजले जिना चढण्याइतके असतात. दमा आटोक्यात नसेल तर मात्र पुढच्या सगळ्या पायऱ्या अर्धवट ठरतात. म्हणून पहिली पायरी गाळू नका.

१. दमा खरंच आटोक्यात आहे का, ते आधी पाहा

गेल्या चार आठवड्यांपुरते चार प्रश्न स्वतःला विचारा. दिवसा धाप, खोकला किंवा छातीत घरघर आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाली का? दम्यामुळे रात्री झोपमोड झाली का? तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे एखादं काम टाळावं लागलं का? चारही उत्तरं 'नाही' असतील तर दमा आटोक्यात आहे. एक-दोन 'हो' असतील तर तो अर्धवट आटोक्यात आहे. तीन-चार 'हो' असतील तर नाही. एक जरी 'हो' आलं तरी डॉक्टरांना भेटून रोजचं औषध तपासून घ्या.

दुसरी परीक्षा जिन्याची. पर्वतीची टेकडी चढायची गरज नाही. आपल्याच इमारतीचे दोन मजले नेहमीच्या चालीने चढा. वर पोचल्यावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता यायला हवं. मग लगेच घरात जाऊन बसू नका, दहा-पंधरा मिनिटं लक्ष ठेवा. श्रमाने येणारा दमा पुष्कळदा श्रम चालू असताना येत नाही, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, दहाव्या पायरीत ती पुन्हा लागणार आहे.

थांबा: जिना चढताना छातीत दाब आला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दरदरून घाम आला, तर तो दमा समजून पंप ओढत बसू नका. हृदयाची तपासणी तातडीने हवी. चाळिशीनंतर पहिल्यांदाच श्रमाने धाप लागू लागली असेल तरीही.

२. आपला पंप कोणता, हे नावावरून ओळखा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे वेळ घालवू या.

पंप साधारण दोन कामांचे. एक लगेच नळ्या मोकळ्या करणारा: साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल. तो काही मिनिटांत काम करतो आणि असर चार ते सहा तास टिकतो. दुसरा रोज घ्यायचा, श्वासनलिकांची सूज कमी करणारा. त्यात स्टिरॉइड असतं, उदाहरणार्थ बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन. त्याचा परिणाम एका दिवसात दिसत नाही, आणि म्हणूनच लोक तो सोडून देतात. पुण्यातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात 'निळा पंप द्या' म्हणून मागणारे लोक दिसतील. रंगावर जाऊ नका, कंपनीप्रमाणे तो बदलतो. डब्यावरचं औषधाचं नाव वाचा, फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

जोडऔषधांच्या पंपांत आणखी एक फरक आहे. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप डॉक्टर दोन्ही कामांसाठी देऊ शकतात, कारण फॉर्मोटेरॉल लवकर काम करतं. सालमेटेरॉल आणि फ्लुटिकासोनचा पंप मात्र अडचणीच्या वेळी उपयोगाचा नाही. सालमेटेरॉलला वेळ लागतो. ऐन वेळी तो ओढत बसणं म्हणजे वाया गेलेली मिनिटं.

'पंपाची सवय लागते' ही भीती अजून घरोघरी आहे. होतं असं की सवयीच्या भीतीने लोक रोजचा पंप टाळतात आणि लगेच आराम देणाऱ्यावर दिवस काढतात. धोका नेमका यातच आहे. 'जिना' (GINA) या दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९पासून स्पष्ट सांगितलं आहे की स्टिरॉइडशिवाय नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा चालवू नये. २०० पफचे (फवाऱ्यांचे) तीन किंवा त्याहून जास्त पंप वर्षभरात संपत असतील, तर दम्याचा मोठा झटका येण्याची शक्यता वाढलेली असते. हे वाचून स्वतःच्या कपाटातले रिकामे डबे मोजा.

आता पंप घेण्याची पद्धत. फवाऱ्याचा पंप हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी एक-दोन फवारे हवेत सोडा. श्वास पूर्ण बाहेर सोडा, पंपाचं तोंड तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा, एकदाच दाबा आणि सावकाश खोल श्वास आत घ्या. दहा सेकंद रोखा. दुसरा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) असेल तर तो जरूर वापरा. त्यामुळे औषध घशात कमी आणि फुप्फुसात जास्त जातं. कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राची रीत उलटी: श्वास जोरात आणि खोल ओढायचा, आणि यंत्रात फुंकर अजिबात मारायची नाही. कॅप्सूल पाकिटातून वापरायच्या क्षणीच काढा. पावसाळ्यात ती उघडी राहिली तर दमट होते आणि पावडर नीट सुटत नाही.

स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. नाही तर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो. रात्रीचा डोस जवळ येण्याच्या बराच आधी घेऊन चूळ भरून मोकळं व्हा, म्हणजे तोंडाची चवही राहत नाही.

तपासा: आपण पंप कसा घेतो ते डॉक्टरांना किंवा त्यांच्याकडच्या सहाय्यकांना एकदा करून दाखवा. वर्षानुवर्षं पंप घेणाऱ्यांचीही पद्धत चुकलेली सापडते.

३. जोडीदाराला दिवसाउजेडी सांगा

लग्न जमवताना दमा लपवला जातो. विशेषतः मुलीचा. मग सासरी पंप साड्यांच्या घडीत जातो, रोजचा डोस सगळे झोपल्यावर बाथरूममध्ये घेतला जातो आणि कधी चुकतो. त्या रात्री धाप लागली की नवऱ्याला वाटतं ती घाबरली, किंवा तिला आपण नकोसे आहोत. पुरुषांचं वेगळं: दम लागणं हा त्यांना कमीपणा वाटतो, म्हणून ते थांबतच नाहीत.

बोलायची वेळ अंथरुणातली नको. चहा घेताना, फिरायला गेल्यावर बोला. सांगायच्या गोष्टी मोजक्या: मला दमा आहे, पंप अमुक ठिकाणी असतो, तो असा द्यायचा, त्रास सुरू झाला की मी अशी खूण करीन. खूण आधीच ठरवा, कारण धाप लागल्यावर बोलणं अवघड जातं. खांद्यावर दोनदा थोपटणं पुरेसं आहे. खूण झाली की थांबायचं. 'का', 'काय झालं', 'माझं काही चुकलं का' हे सगळं नंतर.

जोडीदाराने स्पेसरला पंप लावून एकदा सराव करावा. हे ऐकायला जास्तीचं वाटतं; पण अंधारात, घाबरलेल्या हातांनी टोपण काढायचं विसरणारे लोक खूप आहेत.

४. खोली तयार करा

पुण्यात दम्याला प्रत्येक ऋतूत काही ना काही निमित्त मिळतं. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते आणि कपाटामागे बुरशी धरते. पावसानंतर मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत फुललेलं असतं आणि त्याचे परागकण उडतात. दिवाळीत फटाक्यांचा धूर. डिसेंबर-जानेवारीत रात्रीची कोरडी, बोचरी थंडी. खिडकीबाहेर एसीच्या पेटीवर कबुतरांची वस्ती असेल तर तिची धूळ बारा महिने.

यातलं सगळं टाळता येत नाही, पण पलंगापुरतं बरंच करता येतं. चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर धुळीतले सूक्ष्म कीटक मरतात. गोधडी ही सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू. आजीची म्हणून ती प्रेमाने वापरली जाते, पण धुतली जात नाही. गादी-उशी झटकायची असेल तर ती सकाळी, गच्चीवर, आणि दमा नसलेल्याने झटकावी. संध्याकाळी खोलीतच झटकली तर ती धूळ काही तास हवेत तरंगत राहते.

वासाच्या गोष्टी बाहेर ठेवा: उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, खोलीत मारायचा सुगंधी स्प्रे, कडक अत्तर, टाल्कम पावडर. डासांसाठी मच्छरदाणी लावा. मोगऱ्याच्या गजऱ्याचा सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. ज्याला होतो त्याला तो माहीत असतो. नवविवाहितांच्या घरच्यांना एक विनंती: फुलांनी आणि अत्तराने भरलेली खोली सजवण्याआधी मुला-मुलीला विचारा.

खिडकी उघडी की बंद? थंडीत आणि बाहेर धूर असेल तेव्हा बंद. एरवी संध्याकाळी खोली मोकळी करून घ्या. पंखा थेट छातीवर नको.

५. कंडोम, तेल आणि इतर वस्तू

बहुतेक कंडोम लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे असतात. फुगे फुगवताना किंवा रबरी हातमोजे घातल्यावर खाज, गांधी किंवा शिंका येत असतील, तर लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते. काहींना त्याच्याबरोबर केळं, किवी, ॲव्होकॅडो यांचाही त्रास होतो. कंडोम वापरल्यावर काही मिनिटांत खाज, पुरळ आणि धाप एकत्र आली, तर त्याला नुसता दमा समजू नका. पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोप्रीनचे कंडोम मिळतात, ते वापरा आणि ॲलर्जीची तपासणी करून घ्या. सुगंधी कंडोम टाळलेले बरे.

थांबा: लॅटेक्स किंवा पॉलिआयसोप्रीनच्या कंडोमबरोबर खोबरेल तेल लावू नका. तेलाने ते कमकुवत होऊन फाटतात. पाण्याचं वंगण वापरा.

क्वचित एखाद्या स्त्रीला वीर्यातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी असते. कंडोम असताना काही होत नाही आणि नसताना प्रत्येक वेळी खाज, सूज किंवा धाप येते, असा नेम दिसला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हेच शब्द सांगा.

६. दिवस आणि वेळ

पोट भरलेलं नको. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. आम्ल घशाशी येणाऱ्यांनी तर नक्कीच. दारूने, विशेषतः वाइनने, काहींना दमा उठतो. सर्दी-ताप असेल, किंवा त्या दिवशी आधीच पंप लागला असेल, तर तो दिवस सोडून द्या. श्वासनलिका पहाटेच्या सुमारास सर्वांत आकुंचित असतात, त्यामुळे पहाटेची वेळ दम्याला सोयीची नाही. घरात आई-वडील आणि मुलं असताना हवी ती वेळ मिळणं किती अवघड असतं, याची कल्पना आहे. जमेल तितकं करा. काही स्त्रियांचा दमा पाळीच्या आधीच्या दिवसांत वाढतो. तसं वाटत असेल तर दोन-तीन महिने कॅलेंडरवर खुणा करून पाहा.

गरोदरपणात दम्याचा पंप स्वतःहून बंद करू नका. अनियंत्रित दमा आई आणि बाळ दोघांनाही जास्त धोक्याचा असतो. पोट वाढल्यावर कुशीवर झोपणंच सोयीचं पडतं.

७. पंप आधी घ्या

श्रमाने दमा उठतो असं तुमच्याबाबतीत ठरलेलं असेल आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, तर लगेच आरामाचा पंप साधारण १० ते १५ मिनिटं आधी घ्या. किती पफ ते त्यांनी लिहून दिलेलं असावं. साल्ब्युटामॉलने हात थोडे थरथरतात, छाती धडधडते. हे औषधाचं आहे हे दोघांनाही माहीत असू द्या, नाही तर धडधड वाढली की भीती वाढते आणि भीतीने श्वास आणखी उथळ होतो.

मधली मिनिटं वाया जात नाहीत. श्रम हळूहळू वाढवले तर नळ्या आकसण्याचं प्रमाण कमी होतं, म्हणून स्पर्श, गप्पा, कुरवाळणं याला भरपूर वेळ द्या. घाईत सुरुवात करणं हे दमा उठण्याचं नेहमीचं कारण आहे.

तपासा: प्रत्येक वेळी आधी पंप घ्यावाच लागत असेल, तर पहिल्या पायरीवर परत जा. रोजचं औषध कमी पडतंय.

८. वेग आणि शरीराची ठेवण

छातीवर वजन येऊ देऊ नका. पाठीवर सपाट झोपून कुणी अंगावर असेल तर दमेकऱ्याला श्वास घेणं कठीण जातं. कुशीवर, एकमेकांकडे तोंड करून किंवा एकामागे एक. किंवा पाठीला उशा लावून टेकून बसल्यावर छाती मोकळी राहते. जास्त हालचाल दमा नसलेल्याने करावी, हे आधीच ठरवून टाका. मध्ये थांबणं हा या क्रमाचाच भाग आहे.

श्वास रोखून धरू नका. शक्यतो नाकाने आत घ्या, ओठांचा चंबू करून हळू बाहेर सोडा. दीर्घ चुंबनाने काहींची धाप वाढते. तोंड मोकळं ठेवा.

९. धाप लागलीच तर

१. थांबा. उठून बसा, किंचित पुढे झुका. झोपू नका.
२. साल्ब्युटामॉलचे चार पफ स्पेसरमधून, एका वेळी एक. प्रत्येकानंतर स्पेसरमधूनच चार श्वास.
३. चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार पफ.
४. तरीही आराम नसेल तर १०८ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार पफ देत राहा.

डॉक्टरांनी वेगळी लेखी योजना दिली असेल, किंवा तुमचा पंप बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा असेल, तर पफची संख्या त्यांच्या सांगण्याप्रमाणे.

थांबा: पूर्ण वाक्य बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, गुंगी येते, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, यातलं काहीही दिसलं तर चार मिनिटांची वाट न बघता लगेच १०८. घरघर ऐकू येईनाशी झाली पण श्वास तसाच कठीण आहे, हे सुधारणेचं लक्षण नाही. ती जास्त धोक्याची खूण आहे.

वाफ घेणं, हळदीचं दूध, छातीला बाम, झोपेची गोळी: यातलं काहीही या वेळी नको. झोपेच्या गोळीने श्वास आणखी मंदावू शकतो. आणि लाजेपायी उशीर करू नका. बाहेरच्या खोलीत सासूबाई आहेत, अंगावर नीट कपडे नाहीत, डॉक्टर विचारतील तेव्हा काय सांगायचं, या विचारांत लोक दहा-पंधरा मिनिटं घालवतात. चादर गुंडाळा आणि हाक मारा. इस्पितळात 'श्रम झाल्यावर झटका आला' एवढं सांगितलं तरी उपचार त्याच क्षणी सुरू होतात.

१०. नंतरचा अर्धा तास

जोडीदार झोपलेला असतो आणि तेव्हाच खोकला सुरू होतो. श्रमानंतरचा दमा उशिरा येतो, म्हणून दोघांनीही अर्धा तास जागं राहावं. उशांना टेकून बसा, कोमट पाणी प्या, एकदम थंड हवेत किंवा बर्फासारख्या पाण्याने अंघोळीला जाऊ नका. त्रास आला तरी बहुतेक वेळा अर्ध्या ते एक तासात तो ओसरतो. तोपर्यंत पंप हाताशी ठेवा.

११. डॉक्टरांशी बोलताना

'रात्री त्रास होतो' एवढंच सांगितलं तर डॉक्टर रात्रीच्या दम्याचं औषध देतील, आणि प्रश्न तसाच राहील. 'संबंधाच्या वेळी किंवा नंतर धाप लागते' असं सरळ म्हणा. ससून रुग्णालयाच्या ओपीडीत आसपास माणसं असतात, मोठ्याने बोलायला जीव धजत नाही. मग चिठ्ठीवर लिहून द्या.

सोबत इतर सगळ्या औषधांची यादी न्या. रक्तदाब, अर्धशिशी किंवा घाबरेपणासाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब दमा उठवू शकतात. काहींना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी झटका येतो. लैंगिक ताकदीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. सिल्डेनाफिल हृदयरोगावरच्या नायट्रेट औषधांबरोबर घेतलं तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जातो.

लोणावळा किंवा महाबळेश्वरला जात असाल तर दोन्ही पंप हातातल्या पिशवीत ठेवा, उन्हात उभ्या गाडीत नाही. ओलसर वासाची खोली मिळाली तर सामान उघडण्याआधीच बदलून मागा, आणि जवळचं इस्पितळ कुठे आहे ते स्वागतकक्षातच विचारून घ्या.